शिवडीवरून कॉटन ग्रीन

२०२३ साल होतं. मला बहात्तरावं लागलं होतं आणि तोपर्यंत मी एकही कादंबरी वाचलेली नव्हती. त्याचं मला काही वाटत नव्हतं. गावच्या शाळेत मी तिसरीपर्यंत गेलो, पुढे मुंबईत येऊन गिरणीत लागलो, गिरणी बंद पडली तसा कॉटन ग्रीनच्या गोदामांत गेलो. आधी पाठीवर गोणी, शेवटी शेवटी मुकादम म्हणून बाकड्यावर. वर्तमानपत्र मी रोज वाचतो. ओळीखाली बोट ठेवून वाचतो, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतो. भरभर वाचणाऱ्यांपेक्षा माझ्या जास्त लक्षात राहतं. हे लिहितोय तेही माझ्या हाताने. कुणाला सांगून लिहून घेतलेलं नाही.

पण हे माझ्याबद्दल नाही, कुंदाबद्दल आहे.

कुंदा आमच्या काळाचौकीच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर, आमच्या शेजारच्या खोलीत राहायची. आई होती तोवर आईबरोबर, मग एकटी. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान. मला भाऊ म्हणायची, माझ्या बायकोला, सुमनला, वहिनी. लहानपणी गावाला विटी लागून तिचा डावा डोळा गेला होता. पांढुरका झालेला तो डोळा तिने कधी लपवला नाही. काळा चष्मा नाही, पदर पुढे ओढणं नाही. "एकच आहे म्हणून नीट वापरते," म्हणायची. "तुम्ही दोन-दोन घेऊन फिरता आणि मटारातली अळी दिसत नाही."

ती हिंदमाताच्या दुकानांच्या साड्यांना फॉल लावून द्यायची. मांडीवर साडी, समोर स्टुलावर पुस्तक, आणि पुस्तकाची पानं मिटू नयेत म्हणून दोन्हीकडे कपडे वाळत घालायचे चिमटे. हात फॉलवर, डोळा पुस्तकावर. टाका बघून घालायची तिला गरजच नव्हती. फक्त सुई ओवायची वेळ आली की ती पुस्तकावरून नजर काढायची, आणि त्या वेळी तोंडावर असा भाव असायचा की जेवताना कुणी उठवलंय.

पुस्तकं सगळी एकाच जातीची. एक मुलगी, एक मुलगा, आधी भांडण, मग गैरसमज, मग लग्न. गल्लीतल्या वाचनालयात जाऊन पुस्तक उचलायच्या आधी ती तिथल्या माणसाला विचारायची, "शेवटी जमतं ना?"

तो म्हणायचा, "ताई, मी सगळी पुस्तकं वाचत नाही."

"मग वाचा आणि मग द्या. दुःखाची मला नकोत. रडायचं झालं तर पुस्तक कशाला, आपला नळ आहे, तिथे रोज कोण ना कोण रडतंच."

चाळीतल्या प्रत्येक पुरुषाची तिने त्या पुस्तकांच्या हिशोबाने वर्गवारी केली होती. हिरो कुणीच नाही. जिन्याजवळचे परब म्हणजे हिरोचा मित्र, नको तिथे येतो पण वेळेला स्कूटर देतो. एकदा सुमनने विचारलं, "आणि आमचे हे?"

कुंदाने मान वर केली नाही. "भाऊ? भाऊ म्हणजे हिरॉइनचे वडील. आधी सगळ्याला नाही म्हणणार. शेवटी अक्षता टाकायच्या वेळी सगळ्यांत आधी रडणार."

"मी रडत नाही," मी म्हणालो.

"बघा वहिनी. नाही म्हणाले."

तिचा एक नेम होता. कुठल्याही पुस्तकाचं शेवटचं प्रकरण ती कामाच्या दिवशी वाचायची नाही. ते रविवारसाठी ठेवायची. सकाळी न्हाऊन, केस मोकळे सोडून, गॅलरीत खुर्ची टाकून बसायची आणि मोठ्याने वाचायची. बायका पालेभाज्या निवडायला तिथेच येऊन बसायच्या. मागची गोष्ट कुणाला ठाऊक असो नसो, शेवट ऐकायला सगळ्या. आणि लग्न जमलं की कुंदाने आदल्या दिवशी करून ठेवलेल्या खोबऱ्याच्या वड्या घरोघर जायच्या. प्रत्येक दारात एकच वाक्य, "जमलं एकदाचं."

जुन्या लोकांना हे माहीत होतं. परबांची सून नवी लग्न होऊन आली, तिला नव्हतं. तिच्या हातावर वडी पडली, "जमलं एकदाचं" ऐकलं, आणि संध्याकाळी ती नारळ, ब्लाउजपीस आणि हळदीकुंकवाची कोयरी घेऊन कुंदाच्या दारात उभी. "ताई, अभिनंदन. मुलगा काय करतो?"

कुंदा तेव्हा चाळिशीला आलेली. गॅलरीतल्या बायका बघायला लागल्या. मी माझ्या दारात होतो, मला वाटलं आता कुंदाला लागलं हे. कुंदाने त्या पोरीकडे बघितलं, पाट सरकवला आणि म्हणाली, "बस. डॉक्टर आहे. नैनितालला दवाखाना आहे त्याचा. आधी एकीशी ठरलेलं, पण ती बरी नव्हती."

"मग तुम्ही आता नैनितालला जाणार?"

"आज रात्री परत देते त्याला," कुंदा म्हणाली. "वाचनालय आठला बंद होतं."

बायका हसून हसून लोळल्या. पोरीला रडूच फुटलं. नारळ परत न्यायला लागली तर कुंदाने तिचा हात धरला. "भरलेली ओटी परत नेतात काय? लग्न त्याचं झालं, ओटी माझी भरली, त्यात काय बिघडलं." त्या मोरपंखी कापडाचा तिने ब्लाउज शिवला. त्यानंतर शेवटच्या प्रकरणाच्या रविवारी अंगात तोच ब्लाउज. ढिला झाला की टाके घालायची, घट्ट झाला की उसवायची.

माझ्या चालण्यावरही तिची नजर असायची. मी कुठेही निघालो की जवळचा रस्ता धरतो. गोदामातली सवय आहे. ओझं पाठीवर असलं की माणूस वळसे घालत नाही. ओझं उतरलं तरी पाय तसेच राहिले. सुमन मागून येते. तिचे गुडघे धरतात. गॅलरीतून कुंदाला सगळं दिसायचं. "भाऊ नाक्यावर पोचले आणि वहिनी अजून चाळीच्या दारात. लांबून बघणाऱ्याला वाटेल, हे दोघे एकमेकांना ओळखतच नाहीत."

"मी पुढे जाऊन थांबतो की," मी म्हणायचो.

"थांबता, पण घड्याळाकडे बघत थांबता."

तर त्या वर्षी तिचा चांगला डोळा अधू व्हायला लागला. मोतीबिंदू. डॉक्टरने फार आधी सांगितलं होतं, काढून घ्या. कुंदाने टाळलं. दोन डोळे असलेल्या माणसाला मोतीबिंदूचं काय, एक काढला तर दुसरा असतो. हिला एकच. तो बिघडला तर काळोख. चाळीत कुणीही म्हटलं, "अगं आजकाल काही नसतं, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी," तर ती म्हणायची, "तुम्ही सकाळी जाऊन या. मी बघते कसे येता ते."

शेवटी तिने हिरव्या साडीला मरून फॉल लावला. दुकानदाराने साडी परत पाठवली. कुंदाने ती साडी उजेडात धरली, लांब धरली, जवळ धरली. मग सुमनला म्हणाली, "वहिनी, तारीख घ्या."

त्याच आठवड्यात ती एक नवी कादंबरी वाचत होती. पातळशी होती, वर स्कूटरवरची मुलगी. पुस्तकाचं नाव मी सांगत नाही. मी त्यात चुका काढल्या होत्या, लिहिणाऱ्या बाईला वाईट वाटेल. त्या पुस्तकाने कुंदाला वेड लावलं होतं, कारण ते आमच्या इथलं होतं. मुलगी, अनघा, हिंदमाताच्या साडीच्या दुकानात काउंटरवर. मुलगा, निखिल, कॉटन ग्रीनला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात. एकदा दोघांच्या पिशव्या बदलतात. त्याच्या घरी पैठणी जाते, हिच्याकडे लॉरीच्या पावत्या. त्यावरून भांडण, आणि पुढचं काय ते कळलंच.

"आतापर्यंत सगळी प्रेमं पुण्यात नाहीतर महाबळेश्वरला," कुंदा म्हणाली होती. "मला वाटायचं आपल्या इकडे कुणाचं होतच नाही. जागाच कुठे आहे."

ऑपरेशनच्या दिवशी ती ते पुस्तक अर्ध्यावर चिमटा लावून ठेवून गेली. परळच्या एका दवाखान्यात झालं. ऑपरेशन नीट झालं, पण मोतीबिंदू फार पिकलेला होता, त्यामुळे बुबुळावर सूज आली. डॉक्टर तरुण बाई होती, नीट समजावून सांगितलं तिने. पट्टी राहू दे, थेंब घाला, डोळ्याला आराम द्या, आठवड्याने बघू. बहुतेक सूज उतरेल.

"बहुतेक म्हणजे?" कुंदाने विचारलं.

"बहुतेक म्हणजे बहुतेक, मावशी. मी खोटं सांगणार नाही."

कुंदाला आम्ही घरी आणलं. जिना तिने सुमनच्या खांद्यावर हात ठेवून चढला, आणि वर आल्यावर पहिलं बोलली ते हे: "त्या पैठणीचं पुढे काय झालं असेल?"

सुमनला वाचता येत नाही. म्हणून सायलीला सांगितलं. सायली म्हणजे परबांच्या त्याच सुनेची मुलगी, आता बँकेत कामाला जाते. ती संध्याकाळी येऊन बसली. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात मोबाइल. वाचायची अशी की नळ सोडलाय. मी बाहेर गॅलरीत खुर्ची टाकून बसलो होतो, तोंडासमोर वर्तमानपत्र. ऐकत नव्हतो, ऐकू येत होतं. मध्येच तिचा मोबाइल वाजला, तिने बघितला आणि भलत्याच ओळीवरून पुढे सुरू केलं. दुकानात साडीची घडी घालणारी मुलगी एकदम बसमध्ये.

"बसमध्ये कधी चढली ती?" मी बाहेरून म्हणालो.

वाचन थांबलं. "आजोबा, तुम्ही ऐकताय?"

"ऐकत नाही. पण दुकानातून बसमध्ये माणूस असा उडून जात नाही. काहीतरी खाल्लंस तू."

"मग तुम्ही वाचा ना."

"वाचेन की," मी म्हणालो. माझ्या तोंडाला ही जुनी खोड आहे. कुणी "मग तुम्ही करा" म्हटलं की ते मला न विचारता हो म्हणतं. आत गेलो. सायलीने पुस्तक हातात दिलं. अक्षर बारीक होतं. मी चष्मा लावला, ओळीखाली बोट ठेवलं आणि सुरुवात केली. मोठ्याने मी शाळेनंतर कधी वाचलं नव्हतं. जोडाक्षर आलं की पाय अडकल्यासारखं व्हायचं. एक पान संपेपर्यंत सायलीचा चहा पिऊन झाला. मला वाटलं आता कुंदा काहीतरी टोचून बोलणार. मी तयारीत होतो, पुस्तक ठेवून उठायच्या.

कुंदा भिंतीला टेकून बसली होती, पट्टीखालून नाक तेवढं दिसत होतं. म्हणाली, "भाऊ, असंच वाचा."

"कसं?"

"असंच. सायली वाचते तेव्हा माणसं माझ्या समोरून पळत जातात. तुम्ही वाचता तेव्हा चालत जातात."

मग रोज संध्याकाळी मीच. सुमन कोथिंबीर निवडत उंबऱ्यात, परब टीव्ही बंद करून बाहेर कठड्याला टेकलेले. ते म्हणायचे, "मी हवा खातोय." खाऊ देत.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी पुस्तकात चूक पकडली. निखिल हिंदमाताला अनघाची वाट बघत उभा असतो. ती सुटते. ती काळाचौकीत राहते, तो म्हणतो मी कॉटन ग्रीनलाच चाललोय, सोडतो वाटेत. आणि मग दोघे चालत निघतात ते शिवडीला.

मी थांबलो. "हे चूक आहे."

"काय झालं?" कुंदा.

"हिंदमाताहून काळाचौकीला यायचं तर सरळ परळ, लालबाग आणि आत वळलं की आलंच. कॉटन ग्रीन तिथून पुढे. शिवडीवरून कशाला जातील? एवढा वळसा? मी आयुष्य काढलंय तिथे. या बाईला रस्ता माहीत नाही आणि लिहायला बसली."

"वाचा पुढे."

"पुढे काय वाचू, पायाच चुकलाय. कुणी नवखा हे वाचून निघाला तर दमून जाईल."

कुंदा हसायला लागली. डोळ्याला ताण नको म्हणून तिने पट्टीवर हात धरला आणि हसतच राहिली. "अहो भाऊ, त्यांना पोचायचंच नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे जवळच्या रस्त्याने गेले तर घर येईल ना."

 परब बाहेर खाकरले. सुमनने कोथिंबिरीची काडी मोडली आणि माझ्याकडे बघितलं.  नुसतं बघितलं, आणि परत निवडायला लागली. मी पुढे वाचलं.

ते दोघे शिवडीच्या खाडीवर जातात. तिथे चिखलात ते लांब पायांचे गुलाबी पक्षी येतात ना, ते बघत उभे राहतात. संध्याकाळ होते. आणि मग त्या लेखिकेने जे लिहिलं होतं ते मी मनात आधी वाचलं, म्हणून बरं. समोर सुमन, मागे परब. चार-पाच ओळी होत्या. त्या मी गाळल्या.

"मग दोघे घरी गेले," मी म्हणालो.

"एवढंच?" कुंदाने विचारलं.

"एवढंच."

"एवढा वळसा घालून, पक्षी बघून, नुसते घरी गेले?"

"उशीर झाला होता," मी म्हणालो, आणि पान उलटलं.

आठवडा संपत आला तशी ती कमी बोलायला लागली. एका दुपारी मी गेलो तर तिने मांडीवर साडी घेतली होती. सुमनकडून सुई ओवून घेतली होती आणि काळोखात फॉल लावत होती. बोटाने कडा चाचपायची, टाका घालायची, पुढे सरकायची. मी बघितलं, टाके सरळ होते.

"बघ," मी म्हणालो, "काही अडत नाही तुझं."

"काम अडणार नाही," ती म्हणाली. "हात आहेत, पोटाला मिळेल. पण भाऊ, दुपारचं काय करू?"

 कुणी मला विचारलं असतं की बाबा एका बाईच्या दुपारचं काय एवढं, तर एका आठवड्यापूर्वी मी हसलो असतो. त्या दिवशी मी पुस्तक उघडलं आणि नेहमीपेक्षाही हळू वाचायला लागलो. एकेक ओळ, जमलं तर दोनदा. शेवट जवळ येत होता. पुस्तकाचा उरलेला भाग माझ्या उजव्या हाताखाली चपटा होत चालला होता, आणि ती बोटाने तो चाचपून बघायची, किती राहिलं.

पट्टी काढायच्या आदल्या दिवशी मी म्हणालो, "आता एकच प्रकरण आहे. वाचून टाकू?"

"नाही."

"अगं, लग्न होतं की नाही ते तरी—"

"ते प्रकरण माझं आहे. ते मी वाचणार. आणि तुम्हीही आत डोकवायचं नाही. शपथ घ्या."

"मी शपथा घेत नाही. नाही म्हटलं की नाही."

रात्री सुमन म्हणाली, "मला तरी सांगा ना. जमतं का त्यांचं?" मी म्हटलं, "मला माहीत नाही." ती म्हणाली, "बघा ना मग." मी पुस्तक फळीवर ठेवलं आणि त्यावर पितळेचा तांब्या ठेवला.

सकाळी टॅक्सी केली. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत कुंदा आमच्या दोघांच्या मध्ये बसली होती, हात मांडीवर. "आणलंत?" तिने विचारलं. मी पिशवीतून पुस्तक काढून तिच्या हाताला लावलं. तिने चिमटा चाचपला. चिमटा शेवटच्या प्रकरणावर होता.

आत डॉक्टरबाईने पट्टी काढली, दिव्याने बघितलं, बराच वेळ बघितलं. मग लांब उभी राहिली आणि बोटं दाखवली. "मावशी, किती?"

कुंदा काही बोलली नाही. डोळ्यातून पाणी येत होतं, ते ती पुसतही नव्हती.

"मावशी, दिसतंय का काही?"

तरी नाही. सुमनने माझा दंड धरला. मी लादीकडे बघत होतो. लादीला एक तडा होता, तो कुठपर्यंत जातो ते बघत होतो.

"भाऊ, पुस्तक," कुंदा म्हणाली.

मी दिलं. तिने चिमटा काढला, पान नाकाशी नेलं, मग लांब नेलं, परत जवळ आणलं. ओठ हलायला लागले. मी वाचतो तशी, एकेक अक्षर धरून. "अन... अनघा... ने... खिडकी... उघडली." मग तिने मान वर केली. "दिसता," एकदम गावच्या मालवणीत म्हणाली. "माका दिसता. धुकटासारखा, पण दिसता."

"मी बोटं विचारली होती मावशी," डॉक्टरबाई म्हणाली.

"तीन," कुंदा परत पुस्तकात बघत म्हणाली.

सूज उतरत होती. धुकंही जाईल म्हणाली डॉक्टर, थेंब चालू ठेवा, वाचायचं ते थोडं थोडं. मी बाहेर पॅसेजमध्ये गेलो. मला पाणी प्यायचं होतं. तिथे कूलर होता. तिथे मी थोडा वेळ उभा राहिलो, एवढंच. सुमनने घरी आल्यावर कुंदाला जे सांगितलं ते तिचं तिला ठाऊक. कुंदा मला म्हणाली, "काय भाऊ, अक्षता पडायच्या आधीच?"

"पाणी प्यायला गेलो होतो."

"हो हो. डोळ्याने प्यालात."

पुढे आमची चाळ पाडायला घेतली तेव्हा कुंदा कल्याणला भाचीकडे गेली, अजून तिथेच आहे. फोन करते. वाचनालय लांब पडतं म्हणून कुरकुर करते, आणि भाचीच्या सोसायटीतल्या पुरुषांची नवी वर्गवारी ऐकवते. पण मला ती आठवते ती त्या रविवारची.

त्या रविवारी तिने न्हाऊन केस मोकळे सोडले, मोरपंखी ब्लाउज घातला. वड्या या वेळी सुमनने केल्या होत्या. गॅलरीत एवढी माणसं मी गणपतीतही बघितली नव्हती. पुरुषही आले होते, सगळेच हवा खायला. कुंदाने शेवटचं प्रकरण स्वतः वाचलं. थांबत थांबत, मध्ये डोळा मिटून विसावा घेत. कुणी घाई केली नाही. आणि जमलं. अनघाने लॉरीच्या पावत्या परत द्यायला म्हणून त्याच्या घरी जाऊन त्याच्या आईसमोर पैठणी मागितली, अशा काहीतरी गमतीने जमलं. सुमनने ताट फिरवलं. सायलीच्या आईने, ज्या बाईने एके काळी नारळ आणला होता, पहिली वडी उचलली आणि म्हणाली, "ताई, अभिनंदन. मुलगा ट्रान्सपोर्टमध्ये आहे ना?"

सगळे पांगले. ऊन कलतीला लागलं. मी माझ्या दारात बसलो होतो. कुंदाने चिमटे काढून परत पुस्तकाच्या मधल्या पानांना लावले होते आणि चांगला डोळा पुस्तकाला जवळजवळ टेकवून बसली होती.

"संपलं ना आता?" मी म्हणालो. "डॉक्टरने थोडं सांगितलंय."

"तुम्ही वाचलेलं माझ्या डोळ्याने एकदा बघते," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, मान वर न करता, "भाऊ, हे 'मग दोघे घरी गेले' कुठे आहे? मला सापडत नाही."

"असेल. पुढच्या पानावर बघ."

"पुढच्या पानावर तर अजून तेच चाललंय."

घरातून सुमनचं हसणं ऐकू आलं. कुंदाने पान उलटलं. तिचे खांदे हलत होते, केस वाऱ्याने पुस्तकावर येत होते आणि ती ते मागे सारत होती, आणि डोळा काही पानावरून काढत नव्हती. ती तशीच बसली, उजेड जाईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमनने पिशव्या काढल्या. वर्षाचा मसाला करायचा होता, लालबागला मिरची बघायला जायचं होतं. आम्ही खाली उतरलो. नाक्यावर मी लालबागकडे वळतो, तो उलट्या हाताला वळलो.

"अहो, इकडे कुठे?" ती मागून म्हणाली.

मी थांबलो. घड्याळाकडे बघितलं नाही. ती येऊन पोचली तेव्हा म्हणालो, "तिकडे रस्ता खोदलाय."

"कधी?"

"काल."

तिने लालबागच्या रस्त्याकडे बघितलं. तिकडून बस येत होती, टॅक्सी येत होत्या, हातगाडी येत होती. तिने पिशव्या दुसऱ्या हातात घेतल्या. "बरं," म्हणाली, "मग शिवडीवरून जाऊ."

मी तिच्या हातातल्या पिशव्या घेतल्या आणि तिच्या पावलाने चालायला लागलो.